सुधारलेली एमजीबी खोटी ठरत नाही

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची आवड असलेल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचे निमित्त विक्रीला काढलेली एक 1966 ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची दोन आसनांची उघडी गाडी) आहे. जाहिरातीनुसार गाडीचे पत्र्याचे काम संपूर्ण नव्याने झाले आहे, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आहे (दोन्ही गाडीची वीज तयार करतात), इग्निशन म्हणजे ठिणगी देणारी यंत्रणा इलेक्ट्रॉनिक केली आहे, सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) शिसेविरहित पेट्रोलसाठी तयार केले आहे आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला आहे. संदेशकर्त्याचे म्हणणे असे की कारखान्यातून निघाली तशी न राहिलेली गाडी खरी नसते, असे बदल हौसेपोटीच होतात, त्यांमुळे गाडीचा कायदेशीर ऐतिहासिक दर्जा जातो, तिचे मोलही जाते, आणि ‘रिस्टोअर केलेली’ या शब्दांचा अर्थ शेवटी नवा रंग एवढाच असतो. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि गेली काही वर्षे याच जातीची गाडी बाळगून आहे. या विधानांपैकी शेवटच्यात भीतीला आधार आहे. बाकीची मला चुकीची वाटतात.

‘कारखान्यातून निघाली तशी’ म्हणजे नेमकी कोणती, हे आधी ठरवावे लागेल. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबी 1962 पासून 1980 पर्यंत तयार होत होती आणि त्या अठरा वर्षांत कारखान्यानेच ती सतत बदलली. आरंभीच्या 1798 सीसी इंजिनाचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर फिरत असे. 1964 मध्ये ती पाच झाली. 1967 च्या अखेरीस आलेल्या मार्क टूमध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून असलेली सोय) मिळाला, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि विजेची जोडणी पॉझिटिव्ह अर्थवरून निगेटिव्ह अर्थवर गेली, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे, त्याऐवजी ऋण टोक जोडले जाऊ लागले. म्हणजे या 1966 च्या गाडीत ज्या अल्टरनेटरला संदेशकर्ता परका म्हणतो, तो पुढच्याच वर्षी अ‍ॅबिंग्डनच्या अभियंत्यांनी स्वतः बसवायला घेतला होता. त्यामागचे कारण आजही तेच आहे. जुना लुकास डायनॅमो जास्तीत जास्त 22 अँपिअरच्या आसपास वीज देतो आणि इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे पावसाळी संध्याकाळी दिवे, वायपर आणि हीटरचा पंखा एकदम चालू ठेवून सिग्नलला उभे राहिले की सगळा भार बॅटरीवर पडतो.

पाच गिअरच्या बॉक्सवर सर्वांत जास्त टीका झाली आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडतो. मूळच्या चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे गाडीचा वेग ताशी सुमारे 18 मैल असतो. ब्रिटिश मोटरवेवर 70 मैलांच्या वेगाने जायचे तर इंजिन मिनिटाला जवळपास 3,900 फेरे घेते, आणि तासभर तो आवाज ऐकल्यावर शेजारच्या माणसाशी बोलण्याची इच्छा उरत नाही. ही अडचण कारखान्याला ठाऊक होती. म्हणूनच लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड) जादा पैसे देऊन घेण्याची सोय होती आणि तो लावला की हेच फेरे 3,100 ते 3,200 वर येत. पाचवा गिअर तेच काम करतो. वैयक्तिक आवड विचाराल तर मी ओव्हरड्राइव्हच निवडीन, कारण तो त्या काळाचा आहे आणि त्याचा खटका दाबताच इंजिन जे शांत होते त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. पण ती आवड झाली. पाच गिअरचा बॉक्स बसवताना मधल्या बोगद्याचा पत्रा कापलेला नसेल आणि जुना बॉक्स गाडीबरोबर मिळत असेल, तर गाडी शनिवार-रविवारच्या कामात पूर्ववत करता येते. जुन्या वाहनांच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्युरिन सनदही नंतर केलेल्या बदलांना सरसकट खोटेपणा ठरवत नाही. ते मूळ रचनेचा आणि रूपाचा मान राखणारे व शक्यतो उलटवता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपावेत, अशी तिची अपेक्षा आहे.

हेडचा बदल हौसेचा आहे, हे विधान तर वस्तुस्थितीलाच सोडून आहे. पेट्रोलमधले शिसे या ओतीव लोखंडी हेडातल्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्यापासून वाचवत असे. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री 1999 अखेर थांबली. त्यानंतर जोरात आणि लांबवर चालवलेल्या गाडीत व्हॉल्व्ह हळूहळू बैठकीत रुतत जातात. त्यावर कायमचा उपाय म्हणजे कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे. पुढे सप्टेंबर 2021 पासून 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल इथे प्रमाण इंधन झाले, आणि इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खराब करते. इंधन बदलले तर त्याला साजेसे हेड आणि नळ्या लागणारच. अशा गाडीत जुन्या नळ्या तशाच ठेवणे मला धोक्याचे वाटते, कारण झिरपलेले पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टजवळ पडते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसते, बाहेरून दिसत नाही, आणि काढून टाकलेले मूळचे भाग, म्हणजे पॉइंट व कंडेन्सर, एका डबीत मावतात.

कायद्याबाबतचा दावा ब्रिटनपुरता तरी चुकीचा आहे. इथे चाळीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला एमओटी या रस्त्यावर चालण्यायोग्यतेच्या वार्षिक तपासणीतून सूट मिळते, मात्र गेल्या तीस वर्षांत तिच्यात ‘मोठा बदल’ झालेला नसावा अशी अट आहे. मोठा बदल कशाला म्हणायचे ते सरकारी मार्गदर्शनात दिलेले आहे: सांगाडा किंवा मोनोकॉक (पत्राच सांगाडा असलेली बॉडी), अ‍ॅक्सल व चालन यंत्रणा (सस्पेन्शन, स्टिअरिंग) आणि इंजिन या तीन मुख्य घटकांचे तांत्रिक स्वरूप पालटणे. मूळ भाग सहज मिळत नाहीत म्हणून केलेले बदल, गाडी उत्पादनात असताना ज्या प्रकारचे बदल होत असत ते, आणि अ‍ॅक्सल व चालन यंत्रणेत सुरक्षितता किंवा कार्यक्षमता वाढावी म्हणून केलेले बदल त्यात मोजले जात नाहीत. जाहिरातीतल्या यादीतले काहीही या कसोटीवर मोठा बदल ठरेल असे मला दिसत नाही. चारऐवजी आठ सिलिंडरांचे इंजिन रोडस्टरमध्ये घातले असते तर प्रश्न वेगळा होता. भारतातल्या वाचकांनी मात्र हे उत्तर तसेच्या तसे तिकडे लावू नये. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते, आणि चॅसिस, बॉडी व इंजिन यांतल्या फेरबदलांकडे तो नियम अधिक कडकपणे पाहतो.

मोलाच्या मुद्द्यात संदेशकर्त्याने दुर्मीळ गाड्यांचा नियम सर्वसामान्य गाडीला लावला आहे. जग्वारने ई-टाइप या स्पोर्ट्स गाडीच्या हलक्या, ‘लाइटवेट’ अशा बाराच गाड्या पुऱ्या केल्या होत्या; अशा गाडीचा एकेक नट-बोल्ट मूळचा असण्याला ऐतिहासिक पुराव्याचे मोल आहे आणि तिथे मीही अल्टरनेटरला विरोध करीन. एमजीबी आणि तिची छप्पर असलेली आवृत्ती जीटी मिळून पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. ही गाडी मुळात मध्यमवर्गीय माणसाने रोज वापरावी म्हणून बनली. तिला आजच्या रस्त्यावर वापरण्याजोगे ठेवणे हे तिच्या मूळ हेतूला धरूनच आहे, आणि तिचे खरेदीदारही बहुतांशी चालवण्यासाठीच ती घेतात.

आता शेवटचा, ‘रिस्टोअर केलेली’ म्हणजे नुसता नवा रंग हा दावा, ज्यात तथ्य आहे. एमजीबीला वेगळा सांगाडा नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. रोडस्टरला छप्परही नसल्यामुळे दारांखालच्या पोकळ पट्टीवर, म्हणजे सिलवर, सगळी ताकद अवलंबून असते. हा सिल बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्यामधला पडदा असा तीन थरांचा असून त्याची टोके पुढच्या व मागच्या मडगार्डांखाली जातात. आतले दोन थर गंजून गेलेले असताना वरून नवा बाहेरचा पत्रा चिकटवून, पुट्टी भरून, रंग मारता येतो. माझी पहिली गाडी अशीच निघाली. जॅक लावला तेव्हा दार उघडेना आणि मागच्या बाजूची फट मिटलेली दिसली. विकणाऱ्याने दाखवलेल्या फायलीत रंगाच्या पावत्या पुष्कळ होत्या, सिलचा एकही फोटो नव्हता. त्या गाडीत प्रत्येक यंत्र 1965 चे मूळचे होते आणि ती चालवणे जिवावर बेतले असते.

म्हणून जाहिरातीतली गाडी पाहायला जाणाऱ्याने अल्टरनेटरवरून वाद घालत बसू नये. बाहेरचा पत्रा लावण्यापूर्वी काढलेले मधल्या पडद्याचे फोटो मागावेत. वेल्डिंग करताना दारे जागेवर ठेवून बॉडीला आधार दिला होता का, हे विचारावे. सिलच्या खालच्या कडेवर चुंबक फिरवावे, आणि मालकाची परवानगी घेऊन गाडी एका बाजूने उचलून दोन्ही दारे उघडून मिटून पाहावीत.