डिसेंबरात शाळा संपवली म्हणून एनएफएल जवळ येत नाही

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या आणि एनएफएलची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगची, स्वप्नं पाहणाऱ्या मुलांच्या पालकांत एक सल्ला हातोहात फिरतो. पॅड-हेल्मेटची सवय झालेल्या तिथल्या मराठी घरांतही तो पोचतो: ‘बारावी डिसेंबरात उरका, जानेवारीत कॉलेज गाठा. संघात जागा पक्की, एक हंगाम जादा, एनएफएल लवकर. शाळेचा शेवटचा हंगाम तेवढा सोडावा लागतो. अभ्यासाचं कॉलेजवाले बघून घेतात.’ यातलं डिसेंबर आणि जानेवारी एवढंच खरं आहे.

‘शेवटचा हंगाम सोडावा लागतो’ हा निव्वळ घोटाळा आहे, दोन वेगळ्या गोष्टी एकीत मिसळल्याचा. शालेय फुटबॉल शरद ऋतूत खेळला जातो. टेक्सासमध्ये राज्याच्या अंतिम लढतीही डिसेंबरात संपतात. तेव्हा जानेवारीत कॉलेजला जाणारा मुलगा बारावीचा पूर्ण हंगाम खेळूनच जातो. हंगाम सोडला तो क्विन इवर्सने. ऑगस्ट 2021 मध्ये बारावीचं वर्षच गाळून तो थेट ओहायो स्टेट विद्यापीठाला गेला, कारण टेक्सासमध्ये तेव्हा शाळकरी खेळाडूला आपल्या नावावर पैसे कमावता येत नव्हते. त्या हंगामात त्याला जेमतेम दोन स्नॅप (चेंडू टाकून सुरू होणारी एकेक चाल) मिळाले आणि डिसेंबरात तो टेक्सास विद्यापीठात परतला. याला वर्ग बदलणं म्हणतात, म्हणजे एक वर्ष गाळून आधीच्या तुकडीबरोबर कॉलेजला जाणं. लवकर पदवीधर होणं, म्हणजे बारावी पुरी करून शाळेची पदवी आधी घेणं, ते हे नव्हे.

आता अभ्यास. ‘कॉलेजवाले बघून घेतात’ या वाक्यानेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात. आपल्याकडे बारावी म्हणजे बोर्डाची एक परीक्षा. तिथे चार वर्षं, आठ सत्रं क्रेडिट जमवत जायचं. डिव्हिजन 1 मध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, खेळायला एनसीएएला (कॉलेज खेळांची नियामक संस्था) 16 मुख्य विषय लागतात: इंग्रजी 4 वर्षं, गणित 3 (बीजगणित 1 किंवा त्यापुढचं), विज्ञान 2, या तिन्हींपैकी आणखी 1, सामाजिक शास्त्रं 2 आणि परकीय भाषेसारखे जादा 4. या विषयांत सरासरी 4 पैकी किमान 2.3 हवी. एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट जानेवारी 2023 मध्ये गेली, पण या 16 पैकी एकही कमी झालेला नाही. आठ सत्रांचं काम सात सत्रांत बसवायचं आणि वर राज्याच्या, शाळेच्या पदवीच्या अटी वेगळ्या.

घोडं बहुतेकदा चौथ्या इंग्रजीवर अडतं. तो विषय बारावीत वर्षभर चालतो, म्हणून तो अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तरी घ्यावा लागतो किंवा अकरावीतच तिसऱ्याच्या जोडीने. उन्हाळ्यात ऑनलाइन घेताना घाईत कुठलाही कोर्स धरला जातो आणि तिथेच फसगत होते. ज्या कोर्समध्ये शिक्षकाशी नियमित संपर्क नाही, ज्याला सुरुवात-शेवटाची मुदत नाही, तो एनसीएए धरत नाही. शाळा त्यावर पदवी देईलही, पण एनसीएएच्या पात्रता केंद्राच्या यादीत तो नसेल तर 16 ऐवजी 15 भरतात. शिवाय काही शाळा वर्षाच्या मध्ये पदवी देतच नाहीत. म्हणून हे कौन्सेलरशी दहावीतच बोलून ठरवायचं. अकरावीच्या मे महिन्यात सुचलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. शेवटी पदवीच्या तारखेसह अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) पात्रता केंद्राकडे जायला हवी, आणि नाताळच्या सुटीत शाळेचं ऑफिस बंद असतं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कॉलेजात गेल्यावरही कोणी ‘बघून’ घेत नाही. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे किमान 12 क्रेडिट, आणि पुढच्या सत्रात खेळायचं तर त्यातली 6 तरी उत्तीर्ण व्हावी लागतात.

जागा पक्की? ट्रेव्हर लॉरेन्स जानेवारी 2018 मध्ये क्लेमसन विद्यापीठात आला, त्याच हंगामात मुख्य क्वार्टरबॅक (संघाच्या चाली चालवणारा खेळाडू) झाला आणि राष्ट्रीय विजेताही. सगळे हेच उदाहरण देतात. आर्च मॅनिंगही असाच जानेवारीत, 2023 साली, टेक्सासला आला. पूर्ण हंगामाची सूत्रं त्याच्याकडे आली 2025 मध्ये. तोवर त्याच्या पुढे क्वार्टरबॅक म्हणून क्विन इवर्सच होता, तोच वर्ग बदललेला! जानेवारीत तुमचा मुलगा जातो तेव्हाच दुसऱ्या कॉलेजांतून बदलून आलेले एकवीस-बावीस वर्षांचे गडीही त्याच लॉकर रूममध्ये शिरतात.

आणि कोच? ज्युलियन सायिन हा क्वार्टरबॅक अलाबामात दाखल झाला आणि 10 जानेवारी 2024 ला तिथले कोच निक सेबन यांनी निवृत्ती जाहीर केली. तो महिना संपायच्या आत सायिन ओहायो स्टेटला निघून गेला.

‘एक हंगाम जादा’ हे बोटांवर मोजून पाहावं. वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा: पूर्णवेळ प्रवेशापासून पाच वर्षं, त्यात चार हंगाम. जानेवारी 2024 ला आलेल्याची पाच वर्षं जानेवारी 2029 ला संपतात. शरद ऋतू मिळतात 2024 ते 2028, म्हणजे पाच. ऑगस्ट 2024 ला आलेल्यालाही तेच पाच. जानेवारीत आलेल्याचं घड्याळ अर्धं वर्ष आधी सुरू होतं आणि तेवढंच आधी थांबतं. हंगाम वाढत नाही, बुडतही नाही.

राहिलं एनएफएल. शाळेतून पदवी मिळाल्यानंतर एनएफएलचे तीन नियमित हंगाम सुरू होऊन संपलेले असावेत, अशी अट आहे. ‘सुरू होऊन’ या शब्दांत सगळी गोम आहे. मॉरिस क्लॅरेटने 11 डिसेंबर 2001 ला शाळेची पदवी घेतली आणि पुढच्याच शरदात ओहायो स्टेटकडून खेळून तो राष्ट्रीय विजेता ठरला. 2004 च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत) उतरू द्या म्हणून तो कोर्टात गेला. पण त्याला पदवी मिळाली तेव्हा 2001 चा हंगाम दोन-तृतीयांश उलटून गेला होता, म्हणून तो मोजला जाईना. हाती उरले 2002 आणि 2003. खालच्या कोर्टात तो जिंकला, अपिलात मे 2004 मध्ये हरला. निकाल लिहिला होता सोनिया सोटोमायर यांनी, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अखेर त्याची निवड झाली 2005 ला, म्हणजे जूनमध्ये पदवी घेणारे त्याचे वर्गमित्र ज्या वर्षी पात्र होणार त्याच वर्षी. डिसेंबरच्या पदवीने एक दिवसही वाचला नाही.

मग मिळतं काय? वसंतातले 15 सराव आणि त्याआधी दोनेक महिने कॉलेजच्या व्यायामशाळेत वजनं उचलणं. ज्याला पूर्ण प्लेबुक (संघाच्या चालींची वही) डोक्यात बसवायचं असतं त्या क्वार्टरबॅकला हे फार मोलाचं. मोठ्या माणसांना अंगावर घ्यायचं असतं त्या पुढच्या रांगेतल्या लाइनमनलाही. धावून चेंडू पकडणाऱ्या कडेच्या खेळाडूला तितकं नाही. अभ्यासात एक सत्र पुढे, म्हणून कॉलेजची पदवी वर्गमित्रांच्या अर्धं वर्ष आधी हातात येऊ शकते. हा फायदा खरा आहे, आणि नेमका तोच त्या सल्ल्यात नसतो.

धोका गुडघ्याचा. मार्चच्या सरावात गुडघ्यातला पुढचा क्रूशिएट लिगामेंट (अस्थिबंध) तुटला तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने ते वर्ष जातं. म्हणजे सप्टेंबरचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच संपला. उलट शाळेच्या हंगामात खांदा दुखावलेल्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं असेल, तर जानेवारीपासून कॉलेजच्या ट्रेनरच्या नजरेखाली खांदा बरा करून घेणं हे जाण्याचं चांगलं कारण आहे. पण त्याने वसंतातल्या 15 सरावांची आशा धरू नये. जो मुलगा वसंतात शाळेकडून धावतो किंवा बेसबॉल खेळतो, त्याचा मात्र हंगाम खरंच जातो. फुटबॉलचा नव्हे, त्या दुसऱ्या खेळाचा.