‘गेम फुकट आहे, मग लूट कुठली?’ : काउंटरच्या आतल्या बाजूने उत्तर

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. शेवटी हात जोडलेले इमोजी, वर ‘प्रत्येक पालकाने वाचावे’. म्हणणं थोडक्यात असं: फ्री फायर मॅक्स, बीजीएमआयसारखे मोबाइलवरचे बंदुकीचे गेम फुकट असतात, कंपन्या जाहिरातींवर कमावतात. पैसे घालायची कुणी सक्ती करत नाही, शंभरातले पंच्याण्णव जण रुपयाही देत नाहीत. पैसे घालून मिळतात ते नुसते कपडे. लकी स्पिनमध्ये, म्हणजे पैसे घालून नशिबाने वस्तू मिळते त्यात, काय लागायची शक्यता किती, ते कंपनी लिहून देते. पोराने पैसे उडवले तर चूक आईबापाची. आणि २०२५ मध्ये सरकारने पैशांचे गेम बंद केलेच आहेत, उरलेत ते सुरक्षित. तेव्हा बोंबा मारणं थांबवा.

मला हा तिघांनी पाठवला. कारण सांगलीजवळ एमआयडीसीच्या रस्त्याला माझं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे आणि मी रिडीम कोड, म्हणजे गेममध्ये पैसे भरायचे कोड, विकतो. म्हणजे या धंद्यातले चार पैसे माझ्याही गल्ल्यात येतात. शटर ओढल्यावर मी स्वतः एक-दोन मॅच खेळतो, मला मजा येते. एवढं आधी सांगून ठेवतो, नाहीतर खाली लगेच ‘तुम्हाला गेममधलं काय कळतं’ सुरू होईल.

‘कंपन्या जाहिरातींवर कमावतात’

काही कमावतात. नवी मुंबईत तयार झालेला लुडो किंग २०२०च्या लॉकडाउनमध्ये घराघरात पोचला. त्यात डावांच्या मध्ये जाहिराती येतात, ‘जाहिरात बघा, नाणी घ्या’ असतं. ते ठीक आहे. पण बीजीएमआय उघडा. विमानातून उडी मारल्यापासून शेवटचा गडी पडेपर्यंत साबणाची जाहिरात आली का मध्ये? तिथली कमाई गेममधल्या दुकानातून होते, यूसी हे गेममधलं चलन विकून. फ्री फायरमध्ये त्यालाच डायमंड म्हणतात.

कॅन्डी क्रश बघा, २०१२चा गेम. पाच जीव मिळतात, ते संपले की एकेक जीव परत यायला अर्धा तास. वाट बघा नाहीतर पैसे द्या. हा असा अर्धा-अर्धा तास विकणारी किंग ही कंपनी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने ५९० कोटी डॉलरना विकत घ्यायचं २०१५ मध्ये जाहीर केलं. गोळ्या जुळवायचा गेम, हो.

‘सक्ती नाही, पंच्याण्णव टक्के लोक काहीच देत नाहीत’

दुसरा अर्धा भाग खरा आहे. उलट कमीच सांगितलाय. मोबाइल गेमचा हिशोब ठेवणाऱ्या स्वर्व्ह या कंपनीने २०१४ मध्ये आकडे काढले होते: महिन्याभरात पैसे देणारे खेळाडू १.५ टक्के. आणि त्या देणाऱ्यांमधल्या वरच्या दहा टक्क्यांकडून निम्मी कमाई. म्हणजे हजार खेळाडूंमागे एक किंवा दोन माणसं अर्धा धंदा चालवतात. आकडे जुने आहेत, गेमागणिक बदलतात, पण धंद्याचा सांगाडा तोच. या एक-दोन माणसांना या व्यवसायात ‘व्हेल’ म्हणतात. देवमासा. गिऱ्हाइकाला शिकारीचं नाव ठेवणारा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

मग काहीच न देणाऱ्या नऊशे पंच्याऐंशी जणांना फुकट का खेळवायचं? कुस्तीच्या मैदानात फक्त दोन पैलवान आणि चारी बाजूंनी रिकामं मैदान असेल तर कोण हजारो रुपयांची इनामं लावेल? गर्दी लागते. मॅच भरायला शंभर जण लागतात, आणि सोनेरी बंदूक घेतलेल्याला ती दाखवायला माणसं लागतात. फुकट खेळणारा पोरगा ही गर्दी आहे. त्याच्याकडून कंपनीला पैसे मिळत नाहीत हे खरं, पण त्याच्यामुळे मिळतात.

आणि देवमासा म्हटलं की लोकांना श्रीमंताचं लाडावलेलं कार्टं दिसतं. माझ्याकडचा देवमासा एका फाउंड्रीत शिफ्टला आहे, तिशी उलटलेली. पगार सात तारखेला होतो, सात तारखेला संध्याकाळी तो येतो. ‘दादा, दोन हजाराचं टाका.’ कोड घेतो आणि तिथेच, काउंटरला कोपर टेकून, स्पिन करत बसतो. एकदम दहा स्पिनचं बटण दाबलं की पडद्यावर पेटी हलते, फटीतून पिवळा उजेड येतो, आणि तो श्वास धरतो. मग उघडतं: पॅराशूट, टोपी, चिटोरे-चिटोरे, एक शर्ट जो त्याच्याकडे आधीच आहे. तो हसतो, मोबाइल माझ्याकडे फिरवतो, ‘बघा, नशीब.’ आणि परत दाबतो. दहा-बारा मिनिटांत दोन हजार संपतात. कधी लागतंही. लागतं तेव्हा दुकानात उभ्या असलेल्या सगळ्या पोरांना दाखवतो.

सक्ती? कुणी मानगूट धरली नव्हती. पण ‘पहिल्या टॉप-अपवर दुप्पट’, ‘ऑफर संपायला ०३:४१:२०’, रोज लॉगिन केलं तर सातव्या दिवशी मोठं बक्षीस आणि एक दिवस चुकला की पहिल्यापासून, हे सगळं कुणीतरी पगार घेऊन, मोजूनमापून बसवलेलं असतं. ॲक्टिव्हिजनला २०१७ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं: खेळाडूला अशा माणसांबरोबर खेळायला टाकायचं की त्यांच्याकडची विकतची वस्तू बघून यालाही ती घ्यावीशी वाटेल. कंपनी म्हणाली, आम्ही ते कुठल्या गेममध्ये वापरलेलं नाही. नसेल वापरलं. पण बसून विचार केला, वकील लावले, पेटंट काढलं, एवढं तर झालं.

‘नुसते कपडे तर असतात’

सगळीकडे नाही. फ्री फायरमध्ये अनेक बंदुकांच्या स्किनवर, म्हणजे वरून चढवायच्या रंगरूपावर, स्पष्ट लिहिलेलं असतं की मारा जास्त, पल्ला जास्त, रिलोड हळू. पोरं त्याचं गणित तोंडपाठ सांगतात. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये बांधकाम व्हायला पुढे पुढे दिवसच्या दिवस लागतात आणि हिरे टाकले की ते क्षणात होतं. तिथे कपडे कुठे आले? आणि जिथे खरोखर कपडेच असतात, तिथे आठवीतल्या पोराला साध्या कपड्यात उतरलं की वर्गातली चार पोरं ‘नूब’, म्हणजे कच्चं लिंबू, म्हणतात. दिवाळीत जुना शर्ट घालून गल्लीत फिरलेल्याला ते समजावून सांगायची गरज नाही.

‘शक्यता लिहून देतात’

माझ्या लहानपणी जत्रेत सोरट असायचं. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या बंद चिठ्ठ्या, पैसे द्यायचे, एक फाडायची, आत नंबर. मधोमध टांगलेलं घड्याळ दिवसभर तिथेच टांगलेलं. पेपरात आजही ‘सोरट जुगारावर छापा’ अशी बातमी येते. लकी स्पिन, क्रेट, गाचा, नाव काहीही द्या, आत सोरटच आहे. फरक एवढाच की पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या कधीतरी संपायच्या.

आता शक्यता लिहिण्याबद्दल. चीनने २०१७ मध्ये ती जाहीर करणं सक्तीचं केलं, त्याच वर्षाअखेर ॲपलनेही आपल्या स्टोअरसाठी तसा नियम केला. चांगलंच झालं. पण लिहिलेलं कळतं का? गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पाच तारे असलेलं पात्र लागायची मूळ शक्यता ०.६ टक्के असते. याच दराने पन्नास वेळा चिठ्ठी ओढली तर? कागदावर करून बघा: शंभरातले चौऱ्याहत्तर जण पन्नास ओढूनही रिकामे राहतात. नव्वदाव्याला नक्की लागतं, म्हणून ‘एवढे घातलेत, आता सोडून कसं चालेल’. याच गेमच्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी दोन कोटी डॉलरवर तडजोड केली. मोठ्या बक्षिसांची शक्यता आणि त्यांना पडणारा खर्च याबाबत खेळाडूंची दिशाभूल केली, असा आरोप होता. सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय अशा पेट्या विकायच्या नाहीत, ही त्यातली एक अट.

आणि लिहिलेलंच नसेल, किंवा गुपचूप बदललं तर? दक्षिण कोरियाच्या नेक्सॉनचा मेपलस्टोरी हा जुना गेम. त्यात ‘क्यूब’ विकतात, तो वापरला की तुमच्या हत्याराची ताकद नव्याने ठरते, नशिबावर. तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये कंपनीला ११६० कोटी वॉनहून जास्त दंड केला. एका क्यूबमध्ये सगळ्यात वरच्या श्रेणीला जायची शक्यता १.८ टक्के होती, ती १.४वर आणली, मग १ वर, खेळाडूंना न सांगता. आणि ज्या गुणांच्या जोड्या लोकांना सगळ्यात जास्त हव्या होत्या, त्यांतल्या काहींची शक्यता चक्क शून्य करून ठेवली होती. लोक वर्षानुवर्षं शून्यावर पैसे लावत होते. जत्रेतलं घड्याळ निदान पुठ्ठ्यावर खरं टांगलेलं असायचं. असावं.

याला जोडून डायमंडचा हिशोब. समजा स्किन ९०० डायमंडची आहे. पॅक मिळतात ६०० आणि १,५००चे. दीड हजाराचा घेतलात की ६०० उरतात, पुढच्या स्किनला ३०० कमी पडतात, पॅक तर ६००चाच. तिसरी स्किन घेईपर्यंत बरोब्बर शून्यावर येत नाही. आणि मोबाइलवर कुठेही ‘हा शर्ट ७४० रुपयांचा आहे’ असं लिहिलेलं नसतं. युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये नेमकं हेच मांडलं: वस्तूची किंमत खऱ्या चलनात दाखवा, आणि नको असलेले डायमंड गळ्यात मारू नका.

‘चूक आईबापाची’

थोडी आहे. यूपीआयचा पिन पोराला पाठ असतो, कारण ‘जा, दूधवाल्याला पाठव पैसे’ म्हणून आपणच मोबाइल हातात दिलेला असतो. पण २०१४ मध्ये ॲपलने अमेरिकेत पालकांना किमान ३.२५ कोटी डॉलर परत द्यायचं मान्य केलं ते का? आईने एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं पोरगं पासवर्डशिवाय खरेदी करू शकत होतं, आणि आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. फोर्टनाइटच्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये एकूण ५२ कोटी डॉलर मान्य केले, त्यातले २४.५ कोटी खेळाडूंना परत द्यायला. तक्रारीत होतं की बटणं अशी बसवली होती की गेम लोड होतानाही एका दाबात खरेदी व्हायची, आणि बँकेकडे तक्रार केली तर खातंच बंद करायचे. यात आईबापाने काय करायचं होतं?

आमच्याकडे ओटीपी आणि पिनमुळे असं सहज होत नाही, हे मान्य. पण रोख पैसे घेऊन दुकानात येणाऱ्या पोराला कुठला ओटीपी लागतो? दहा-दहाच्या नोटा, त्यात दोन-पाचची नाणी, मूठ ओली. ‘काका, शंभरचं रिडीम.’ आपल्या १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. मी सिगारेट ठेवत नाही, पण ठेवली असती तरी त्याला दिली नसती. कोड मात्र दिलाय, अनेकदा. तेव्हा चुकीची वाटणीच करायची तर आईबाप, कंपनी यांच्याबरोबर माझंही नाव लिहा.

‘सरकारने बंद केलेत, उरलेले सुरक्षित’

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. ड्रीम११ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या त्या त्यामुळे. पण त्या कायद्याचा रोख आहे पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. लकी स्पिनमध्ये तुम्ही पैसे घालता आणि जिंकता ती टोपी. टोपीचे परत पैसे होत नाहीत. म्हणून माझा कोडांचा धंदा ऑगस्टनंतर एका दिवसानेही थांबला नाही. ‘बंद झाले’ म्हणणाऱ्याने एकदा सात तारखेला संध्याकाळी येऊन बघावं.

टोपीचे पैसे होत नाहीत म्हणजे तो जुगार नाही, हे सगळ्यांनाच पटलेलं नाही. बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने २०१८ मध्ये ओव्हरवॉच, फिफा १८ आणि काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्हमधल्या विकतच्या पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरवलं. जपानने २०१२ मध्येच गाचातला सगळ्यात वाईट प्रकार बंद केला, ज्यात वेगवेगळ्या चिठ्ठ्यांचा पूर्ण संच जमला तरच बक्षीस मिळायचं. ब्रिटनने २०२२ मध्ये ठरवलं की जुगाराचा कायदा बदलायचा नाही, कंपन्यांनीच नीट वागावं. म्हणजे एकच सोरट, तीन देश, तीन निकाल. आपल्याकडे अजून हा प्रश्नच कुणी नीट विचारलेला नाही, आणि फॉरवर्ड म्हणतो उत्तर मिळालं.

मी एक केलं होतं. उधारीच्या वहीत मागची पानं काढून कोड घेणाऱ्यांची नावं आणि रकमा लिहायला लागलो. सहा महिन्यांनी फाउंड्रीवाल्याला त्याचं पान दाखवलं. खाली बेरीज होती: तेरा हजार चारशे. त्याने वही हातात घेतली, दोनदा वरून खाली बोट फिरवलं, मधल्या दोन रकमांवर ‘ह्या माझ्या नाहीत’ म्हणाला, मग ‘आहेत, आहेत’ म्हणाला. त्या दिवशी त्याने फक्त पाचशेचा कोड घेतला आणि स्पिन न करताच गेला.

पुढच्या सात तारखेला तो आला नाही. त्याच्यापुढच्याही नाही. चौकातल्या दुसऱ्या दुकानातून घेतो, असं त्याच्या शिफ्टमधल्या एकाने सांगितलं. तिथे वही नाही.