ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर हलक्या कामात हळू का चालू द्यायचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. प्रतिक्रिया खोचक आहे, पण मुद्द्याला धरून आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लांबण.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला (कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगावर चालवला) तरी टायपिंग, ब्राउझर, गाणी असल्या हलक्या कामात त्याचा वेग आणि व्होल्टेज दोन्ही आपोआप खाली येऊ द्यावं, व्होल्टेज एका आकड्यावर खिळवून ठेवू नये. त्यावर तुमचं म्हणणं असं: वेग कमीच करायचा तर वाढवला कशाला? काम नसताना कोअर (प्रोसेसरचे काम करणारे गाभे) सी-६ या गाढ झोपेच्या स्थितीत जातात, मग व्होल्टेज कितीही असलं तरी काय फरक पडतो? काम रेंगाळत करण्यापेक्षा झटपट उरकून झोपणं स्वस्त. शिवाय तुम्ही ऑफसेट (चिपच्या स्वतःच्या व्होल्टेजमध्ये ठराविक वाढ किंवा घट) लावून पाहिला तर मशीन नुसतं डेस्कटॉपवर असताना हँग झालं. आणि शेवटी, महिन्याच्या पाच-पंचवीस रुपयांसाठी हा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तुमचं मशीन आय५-४६७०के, ४.४ गिगाहर्ट्झ, १.२५ व्होल्ट फिक्स. कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आधीच्या, २००९ साली घेतलेल्या मशीनमधले.

पैशांचा मुद्दा लगेच मिटवू. समजा १५ वॅट वाचले, रोज आठ तास. महिन्याला ३.६ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर छत्तीस रुपये. एवढ्यासाठी कोणी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) शिरू नये, आणि शिरा असं मी म्हटलेलंही नाही. पण मसाला कोणी आणला ते बघा. कारखान्यातून आलेला ४६७०के बसल्या जागी ८०० मेगाहर्ट्झवर उतरतो आणि व्होल्टेजही स्वतःच उतरवतो. हे बंद करायला माणसाला बायोसमध्ये जाऊन चार-पाच ठिकाणी ‘डिसेबल’ करावं लागतं. ओव्हरक्लॉकिंगच्या निम्म्या व्हिडिओंमध्ये पहिली सूचना हीच असते: स्पीडस्टेप (वेग आणि व्होल्टेज आपोआप उतरवणारी सोय) बंद, सी१ई (हलकी झोप) बंद, सी-स्टेट (रिकाम्या कोअरच्या झोपेच्या पायऱ्या) बंद, व्होल्टेज मॅन्युअल. स्थिर वेग शोधेपर्यंत तसं करणं ठीक आहे, एक गोष्ट कमी बदलते. वेग सापडल्यावर हे सगळं परत चालू करायचं असतं, ते मात्र व्हिडिओत येत नाही.

आता सी-६. तुमचं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, फक्त तुमच्या मशीनला ते लागू नाही. इंटेलने २००८ च्या नेहालेम पिढीपासून कोअरला पॉवर गेट दिले, त्यामुळे सी-६ मध्ये गेलेल्या कोअरचा पुरवठाच तुटतो. मग पडद्यावर १.२५ दिसो की ०.७, त्या कोअरपुरता आकडा निरर्थक. पण प्रतिक्रियेच्या शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्हीच लिहिलंय की हँग होतंय म्हणून सी-स्टेट बंद ठेवलेत! मग उरतो फक्त सी-१. त्यात कोअरचं घड्याळ थांबतं, व्होल्टेज जागचं हलत नाही. ट्रान्झिस्टर उघडझाप करत नसले तरी त्यांच्यातून करंट झिरपत राहतो, त्याला लीकेज म्हणतात, आणि तो व्होल्टेज आणि तापमान दोन्हींबरोबर वाढतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तिथे हे जास्तच. म्हणजे तुमचा प्रोसेसर तुम्ही चहा प्यायला उठलात तरी १.२५ व्होल्टवर बसून आहे.

सी-स्टेट चालू असले तरी ‘काम नाही’ आणि ‘हलकं काम’ यांत बराच फरक आहे, आणि मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं होतं. टास्क मॅनेजर सहा टक्के दाखवतो तेव्हा आपल्याला वाटतं, चौऱ्याण्णव टक्के वेळ गाढ झोप. तसं नसतं. विंडोजचा टायमर मुळात १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकतो, सेकंदाला ६४ वेळा. एखाद्या ब्राउझरने किंवा प्लेयरने मागणी केली की तो एक मिलिसेकंदावर येतो, म्हणजे सेकंदाला हजार वेळा. विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीपर्यंत तर एका प्रोग्रॅमची ही मागणी सगळ्या सिस्टिमला लागू व्हायची. झोप लागते न लागते तोच कोणीतरी हाक मारतं. सी-६ मध्ये जायला आणि यायला वेळ आणि ऊर्जा लागते, त्यामुळे अशा वेळी बऱ्याचदा उथळ स्थितीवरच भागवलं जातं. थ्रॉटलस्टॉप हा प्रोग्रॅम उघडून सी० चा (कोअर जागा असण्याच्या वेळेचा) रकाना बघा, ब्राउझर बंद असताना आणि वीसेक टॅब उघडे असताना. फरक डोळ्यांना दिसेल. (असली साधनं सतत नोंद घेत असतात आणि त्या नोंदीसाठीही कोअर जागे होतात, तेव्हा रिफ्रेशचा वेग कमी ठेवा.)

झटपट उरकून झोपण्याचा तुमचा मुद्दा सगळ्यांत चांगला आहे, त्यावर जरा थांबतो. स्विचिंगमध्ये जाणारी पॉवर ही कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग. वेग निम्मा केला तर पॉवर निम्मी होते, पण कामाला वेळ दुप्पट लागतो. गुणाकारात वेग कटून जातो. तेवढ्याच कामाला लागणारी ऊर्जा ठरते ती व्होल्टेजच्या वर्गावर. म्हणून व्होल्टेज १.२५ वर खिळवून फक्त वेग ८०० वर आणला, तर स्विचिंगच्या ऊर्जेत दमडीची बचत नाही, उलट जागं राहण्याचा वेळ साडेपाचपट आणि तेवढा वेळ लीकेज. फिक्स व्होल्टेजवर स्पीडस्टेप चालू ठेवलं की नेमकं हेच होतं. इथपर्यंत आपलं एकमत आहे.

पण व्होल्टेजही उतरलं तर? ८०० मेगाहर्ट्झला हॅसवेल (तुमच्या ४६७०के ची पिढी) ०.७ व्होल्टच्या आसपास चालतो, चिपागणिक थोडं इकडेतिकडे. ०.७ चा वर्ग ०.४९, १.२५ चा १.५६. म्हणजे तेवढंच काम कोअरच्या स्विचिंगपुरतं एक तृतीयांशापेक्षाही कमी ऊर्जेत. यातून मेमरी कंट्रोलर, रिंग (कोअरना जोडणारा मार्ग) आणि बाकीची चिप जास्त वेळ जागी राहते त्याचा खर्च वजा करा. प्रत्येक चिपला व्होल्टेजचा एक तळही असतो. त्याच्या खाली व्होल्टेज जात नाही, आणि तिथून पुढे वेग कमी करणं निव्वळ तोटा. त्यामुळे सगळ्यांत हळू म्हणजे सगळ्यांत स्वस्त असं नाही, सगळ्यांत वेगवान म्हणजे स्वस्त असंही नाही. फायद्याचा वेग मध्ये कुठेतरी असतो आणि कामागणिक सरकतो. १.२५ व्होल्टवरचा ४.४ मात्र कुठल्याच हिशेबात तो वेग नाही. झटपट उरकायचं तत्त्व कारखान्याच्या व्होल्टेजजवळ शोभतं. ओव्हरक्लॉकची शेवटची पायरी चढायला आपण व्होल्टेज जे वाढवतो, त्याचा वर्ग होतो.

आता हँग. तुमच्या वर्णनावरून दोन संशयित आहेत.

पहिला ऑफसेट. ऑफसेट हा वरच्या वेगालाच नाही, सगळ्याच पायऱ्यांना लागतो. भरपूर लोडवर उष्णता कमी व्हावी म्हणून कोणी उणे ०.०८ टाकतो, स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) रात्रभर पास होते, आणि सकाळी नुसत्या डेस्कटॉपवर माऊस गोठतो. कारण ०.७ चं ०.६२ झालं. स्ट्रेस टेस्ट खालच्या पायऱ्यांवर कधी उतरतच नाही, तिथे ही चूक सापडणार कशी?

दुसरा संशयित तुमचा जुना एसएमपीएस, आणि माझा जास्त संशय त्याच्यावरच आहे. २०१३ मध्ये हॅसवेल आला तेव्हा सी-६ आणि सी-७ मध्ये प्रोसेसरच्या १२ व्होल्ट लाइनवरचा करंट ०.०५ अँपिअरपर्यंत खाली येऊ शकेल, हे एसएमपीएस बनवणाऱ्यांना सांगावं लागलं होतं. आधीची अपेक्षा ०.५ अँपिअरची होती. जुन्या स्वस्त एसएमपीएसना इतका हलका भार पेलत नाही: १२ व्होल्ट भलतीकडे जातं किंवा प्रोटेक्शन लागून सगळंच बंद होतं. तुमचा तर त्याच्या चार वर्षं आधीचा.

कोण दोषी ते शोधणं सोपं आहे. आधी ऑफसेट शून्यावर आणा, सगळे सी-स्टेट चालू करा, पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’ ठेवा आणि मशीन रिकामं सोडून द्या. हँग झालं नाही तर ऑफसेट दोषी होता. झालं तर फक्त सी-६ आणि सी-७ बंद करा, स्पीडस्टेप, सी१ई आणि सी-३ चालूच ठेवा. आता टिकलं तर एसएमपीएस.

व्होल्टेजसाठी हॅसवेलवर ‘मॅन्युअल’ आणि ‘ऑफसेट’शिवाय तिसरा पर्याय आहे, ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’. त्यात १.२५ लिहा, ऑफसेटचा रकाना ऑटोवर सोडा. हा आकडा फक्त टर्बोच्या (मूळ वेगाच्या वर आपोआप चढण्याच्या) वरच्या पायऱ्यांना लागतो, खाली चिप स्वतःच्या टेबलाप्रमाणे चालते. एक सावधगिरी: अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये एव्हीएक्स (जड गणिताच्या खास सूचना) वापरणाऱ्या जड स्ट्रेस टेस्ट चालवू नका, चिप स्वतःहून सुमारे ०.१ व्होल्ट जास्त चढवते आणि तापमान बघवत नाही. टेस्ट मॅन्युअलवर करा, रोजचा वापर अ‍ॅडॅप्टिव्हवर.

‘फरक पडला का’ हे रिकाम्या वेळच्या तापमानावरून ठरवू नका. इंटेलचे कोअर सेन्सर कमाल मर्यादेच्या, तुमच्या चिपला १०० अंशांच्या, जवळ अचूक असतात. तिशी-चाळिशीत ते अंदाजपंचे असतात. ‘तापमान तर तेवढंच’ ही तुमची तक्रार त्यामुळे मी फारशी धरत नाही. प्लगला लावायचा वॅटमीटर मिळाला तर तो बघा, नाहीतर पंख्याचा आवाज ऐका.

राहिला पहिला प्रश्न, वाढवला कशाला. ४.४ ही मशीनची कमाल आहे, किमान नव्हे. हाच प्रोसेसर खोक्यातून आला तेव्हा ३.४ चा होता, टर्बोत ३.८ ला जायचा आणि रिकामा असताना ०.८ वर बसायचा. तेव्हा कोणी विचारलं नाही की ३.८ चे पैसे घेऊन ०.८ का चालतो. २००० साली लॅपटॉपमधल्या पेंटियम ३ ला स्पीडस्टेप मिळालं, २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर एएमडीचं कूल अँड क्वाएट आलं, तेव्हापासून हेच चालू आहे. आपण ओव्हरक्लॉक करतो म्हणजे छत उंच करतो, जमीन आहे तिथेच राहू द्यावी. वेग चढायला लागणारे काही मिलिसेकंद खेळात खटकत असतील तर खेळापुरता विंडोजचा ‘हाय परफॉर्मन्स’ पॉवर प्लॅन लावा. तो प्लॅन दिवसभर लावून ठेवलात तर वरचं सगळं केलेलं पाण्यात, कारण त्यात प्रोसेसरची किमान मर्यादाच १०० टक्के असते. तुमच्याकडे कायम ४.४ दिसतं त्याचं हेही एक कारण असू शकेल, तपासा. उलट, उन्हाळ्यात रात्रभर व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावायचा असेल तर पॉवर प्लॅनमधली प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करून पाहा: टर्बो बंद होतो आणि चिप ३.४ वर येते. स्पीडस्टेप आणि अ‍ॅडॅप्टिव्ह चालू असेल तर व्होल्टेजही त्याबरोबर उतरतं. बायोसला हात लावायची गरज नाही.

एसएमपीएस दोषी निघाला तर सी-६ साठी तो बदलायला मी सांगणार नाही. पण २००९ चा एसएमपीएस ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनला जोडून ठेवणं मला तसंही पटत नाही. सी-६ असो वा नसो, आतले कपॅसिटर म्हातारे झालेत. नवीन येईपर्यंत सी-६ आणि सी-७ तेवढे बंद ठेवा, अ‍ॅडॅप्टिव्ह आणि स्पीडस्टेप चालू करा, आणि टेस्टमध्ये काय निघालं ते इथेच कळवा.