डबल जी

परवा मुलीच्या गृहपाठात मी 'वॅगन'ला डबल जी लावून दिला आणि तिच्या बाईंनी त्यातला एक लाल पेनानं खोडला. या एका जी-पायी मी आयुष्यात दुसऱ्यांदा नापास झालो. पहिल्यांदा तर पट्टीही खाल्ली होती.

दोष अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे आजोबा. साहेबाच्या अमदानीत रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून चिकटले. पुढे साहेब गेला, पण त्याचं स्पेलिंग अण्णांनी जाऊ दिलं नाही. वॅगन म्हणजे डब्ल्यू-ए-डबल जी-ओ-एन. "अरे, वीस-बावीस टन माल एका जी-वर पेलेल का?" या युक्तिवादापुढे आठ वर्षांचा मुलगा काय बोलणार?

संध्याकाळी परवचा झाला की स्पेलिंगं. गल्लीतली पोरं 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' करत होती, तेव्हा मी 'एस-एच-ई-डब्ल्यू शो, शो म्हणजे दाखवणे' घोकत होतो. ओ नव्हे, ई. फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं: "शेव!" दहावीपर्यंत माझं नाव शेव. एका भावाला चिवडा म्हणायचे, त्याचा काही संबंध नसताना. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "बर्नार्ड शॉ असंच लिहितो. त्याला म्हणतात का कोणी शेव?"

पण खरा घात केला तो तुरुंगानं. जेल हा शब्द अण्णा जी-ए-ओ-एल असा लिहीत. उच्चार जेलच, फक्त कागदावर तो 'गावोल'सारखा दिसे. मधली दोन अक्षरं उलटली की होतो फुटबॉलचा गोल. सहामाहीत मी गांधीजींना दोनदा गोलमध्ये पाठवलं आणि निबंधात आमच्या शाळेनं तीन तुरुंग मारून सामना जिंकला. सरांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. मला आजही पेपरात खेळाचं पान उघडलं की थोडी धडधड होते.

आणखीही होतं. टुडे आणि टुमॉरोच्या पोटात आडवी रेघ. कनेक्शनमध्ये सी-टी-ऐवजी एक्स, कारण मूळ लॅटिन शब्दात एक्स आहे म्हणे. मालधक्क्यावर लॅटिन कुठून आलं, हे विचारायची प्राज्ञा नव्हती.

अण्णा बरोबर होते हे मला फार उशिरा कळलं, म्हणजे उपयोग संपल्यावर. हे सगळे शब्द कधीकाळी छापील, इस्त्री केलेल्या इंग्रजीत राजरोस वावरत होते. १७५५ सालच्या डॉ. जॉन्सनच्या कोशात म्युझिक आणि पब्लिक यांच्या शेवटी के आहे. तो के हाकलण्यात पुढे अमेरिकेच्या नोहा वेब्स्टर या कोशकारानं पुढाकार घेतला. हा गृहस्थ माझ्या वर्गात शोभला असता: टंग म्हणजे जीभ, ती त्यानं टी-यू-एन-जी अशी लिहून पाहिली, पण लोकांनी ऐकलं नाही. त्याच्या देशाच्या १७८७ सालच्या राज्यघटनेत निवडणे या अर्थाचा चूज चक्क सी-एच-यू-एस-ई आहे आणि सह्यांच्या जागी पेनसिल्व्हेनियातला एक एन गळालेला आहे. त्या सभेला कोणी पट्टी मारली नाही. डेटमधला बी तर लॅटिनच्या हौसेपायी मागाहून घुसवलेला. उच्चारात तो कधीच नव्हता. म्हणजे कर्जातसुद्धा एक अक्षर फुकटचं!

तर, तीन तुरुंगांच्या त्या निबंधाखाली सरांनी लाल शाईनं शेरा मारला: 'पाल्याचे स्पेलिंग कच्चे आहे. घरी लक्ष द्यावे.' खाली पालकांची सही हवी होती. बाबा फिरतीवर, म्हणून वही अण्णांपुढे ठेवली आणि उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो.

अण्णांनी चष्मा पुसला. शेरा वाचला. पुन्हा वाचला. मग कानावरची पेन्सिल काढली. आता मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली न उच्चारले जाणारे अनुस्वार रद्द केले होते, पण ती बातमी अण्णांनी मनावर घेतलेली नव्हती. त्यांनी 'चे'वर एक टिंब दिलं, 'कच्चे'वर एक, 'घरी'वर एक, 'द्यावे'वर एक. समासात लिहिलं, 'चार चुका'. आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात सही.

दुसऱ्या दिवशी ती वही सरांच्या टेबलावर ठेवताना माझे हात लटपटत होते. सर बराच वेळ त्या टिंबांकडे बघत राहिले.

"आजोबा काय करतात रे?"

"रिटायर झालेत सर. मालधक्क्यावर होते."

"हं," सर म्हणाले आणि वही मिटून माझ्याकडे सरकवली. "डबल जी."