गॅरेज बांधताना गाडी मोजू नका

परवा एका मित्राने गॅरेजचा नकाशा पाठवला. जुनी गाडी घेतली आहे, घराला लागूनच तिच्यासाठी खोली बांधतोय, जरा बघून सांग, म्हणाला. नकाशा देखणा होता. भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, कोपऱ्यात लालभडक कप्प्यांचं कपाट, मागच्या बाजूला गाडी उचलायची लिफ्ट. मधोमध गाडी आणि तिच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट जागा. मी विचारलं, "तुला गाडी उभी करायची आहे की खोलायची आहे?" त्याला प्रश्नच कळला नाही. दहा वर्षांपूर्वी मलाही कळला नसता, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

माझी गाडी मॉरिस मायनर, जुनी छोटी ब्रिटिश गाडी. लांबी साधारण १२ फूट ४ इंच, रुंदी ५ फूट १ इंच. मी टेप लावून गाडी मोजली, चारही बाजूंना थोडी थोडी जागा सोडली आणि १८ बाय १० ची खोली बांधून मोकळा झालो. गाडी आत गेली तेव्हा काय रुबाब होता! मग कामाला सुरुवात केली. या गाडीचे मडगार्ड बोल्टवर बसवलेले असतात, ते निघाले. दरवाजे निघाले, बॉनेट निघालं, सीटं, इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, काचा. पहिल्या महिनाभरातच लक्षात आलं, की खोललेली गाडी उभ्या गाडीच्या निदान अडीचपट जागा खाते. शिवाय हे भाग एकावर एक रचताही येत नाहीत. मडगार्डवर मडगार्ड ठेवलं की पोचा आलाच. पुढची दोन वर्षं मागची सीट आमच्या पलंगाखाली होती आणि बॉनेट कपाटावर. बायको काही बोलली नाही, पण पाहुणे आले की बॉनेटकडे बोट दाखवून म्हणायची, "हे आमचं तिसरं मूल."

म्हणून माझं पहिलं आणि जरा हट्टी मत: गॅरेज बांधताना गाडी मोजू नका, सुटे भाग मोजा आणि स्वतःला मोजा. गाडीच्या बाजूला उकिडवं बसून तीन फुटी टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट मोजून घट्ट करायचा पाना, ओढताना कोपर भिंतीला लागतं का, ते बघा. दरवाजा सताड उघडून त्याच्या बाहेर माणूस उभा राहू शकतो का, बघा. इंजिन काढायची क्रेन गाडीच्या पुढून सरळ यावी लागते, म्हणजे बंपरच्या पुढे निदान सहा-सात फूट मोकळे हवेत. नवशिक्यांच्या नकाशात नेमकं तिथेच वर्कबेंच असतं.

या बाबतीत मला या गाडीच्याच जन्मकथेने दिलासा दिला. मायनर आखणारा अ‍ॅलेक इसिगोनिस, ज्याने पुढे १९५९ ची मिनी ही छोटी गाडीही आखली, त्याला मायनर बाजारात यायच्या थोडं आधी वाटलं की गाडी अरुंद दिसतेय. त्याने नमुना गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन भाग सरकवत नेले आणि ४ इंचांवर म्हणाला, हे बरोबर! बंपर आधीच तयार झाले होते, म्हणून १९४८ साली आलेल्या पहिल्या गाड्यांच्या बंपरमध्ये मधे ४ इंचांची पट्टी जोडलेली दिसते. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज चुकू शकतो, तर माझा का नाही? फरक एवढाच, की त्याला गाडी कापता आली. मला भिंत कापता आली नाही.

आता लिफ्ट. सगळ्यांना लिफ्ट हवी असते, पण त्याआधी तोंडी हिशेब करा. गाडीची उंची पाच फूट. तिच्याखाली ताठ उभं राहायचं तर सहा फूट. झाले अकरा, आणि वर दिवे, तुळया, शटरचा गुंडाळा. बारा फूट छत नसेल तर दोन खांबांची लिफ्ट विसरा आणि गाडी कमरेएवढी उचलणाऱ्या कात्री लिफ्टवर समाधान माना. छत असलं तरी खाली जमीन हवी. अशा लिफ्टच्या कागदपत्रांत सहसा किमान ४ इंच जाडीचं, सुमारे ३,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब सोसणाऱ्या) ताकदीचं काँक्रीट मागितलेलं असतं. जाडी तुम्ही घेणार त्या लिफ्टच्या कागदात बघा, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. घाईघाईत अँकर बोल्ट ठोकले, तर टनभर गाडी कोवळ्या काँक्रीटच्या भरवशावर टांगलेली राहते.

"मग खड्डाच खणतो, स्वस्तात होईल," असं म्हणणारे भेटतात. माझा घरच्या गॅरेजमधल्या खड्ड्याला ठाम विरोध आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. ती खाली उतरते आणि खड्ड्यात भरून राहते. जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर गळत नसेल तर बहुधा टाकी रिकामी असते. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. त्यामुळे थंडी आहे, काही होत नाही, हा समज काढून टाका. तुम्ही त्या खड्ड्यात हातात साधा बल्ब घेऊन उतरता, बल्ब फुटतो, आणि बाहेर यायला एकच अरुंद जिना. याच कारणाने प्लगचे सॉकेटही जमिनीलगत बसवू नका. ते निदान दीड फूट वर असावेत, कमरेच्या उंचीवर तर उत्तमच, वाकावंही लागत नाही.

ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं, तिचा फोटो मात्र कोणी टाकत नाही. ओल. एका रविवारी दिवसभर खपून मी एक दरवाजा पार उघड्या पत्र्यापर्यंत घासला. संध्याकाळी इतका चकचकीत झाला की प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारायचं जिवावर आलं, म्हटलं उद्या मारू. सकाळी दरवाजावर केशरी झाक! हातांचे ठसे तर इतके स्पष्ट की पोलिसांना उपयोगी पडावेत. कोबा घालताना खाली जाड प्लास्टिकचा कागद टाकला नव्हता, म्हणून जमीन खालून ओलावा ओढत होती. तुमची जमीन तशी आहे का, हे तपासायची युक्ती सोपी आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपटलं असेल, तर त्यावर महागडा इपॉक्सी रंग लावू नका, पापुद्रे सुटतील. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की लोखंड भराभर गंजायला लागतं. मी आता पन्नाशीच्या आसपास ठेवतो. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारं यंत्र, हे माझ्या गॅरेजमधलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं यंत्र आहे. आणि हो, उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे.

दिव्यांबद्दल थोडक्यात. सगळे दिवे छताच्या मधोमध लावले की टपावर लख्ख उजेड आणि दरवाजाखालच्या पट्टीवर, जिथे सगळा गंज असतो, तिथे अंधार. निम्मे दिवे बाजूच्या भिंतींवर, छातीच्या उंचीवर आडवे लावा. रंगाचं काम करणार असाल तर रंग खरे दाखवणारे, सीआरआय ९० च्या वरचे दिवे घ्या. कॉम्प्रेसर शक्यतो खोलीबाहेर ठेवा, नाहीतर रेडिओही ऐकू येणार नाही. हवेच्या लाइनला पीव्हीसीचा पाइप वापरू नका. तो फुटला की तुकडे गोळ्यांसारखे उडतात.

हत्यारांच्या बाबतीत माझा सल्ला उलटा आहे: थांबा. आधी गाडीचे नट-बोल्ट कोणत्या मापाचे आहेत ते कळू द्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थची १८४१ सालची आट्यांची मापं अजून जिवंत आहेत, आणि त्यांच्या पान्यावर कोरलेला आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणजे पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून मोठं! त्यावर कडी म्हणजे एमजी टीसी, मॉरिसच्याच गोतावळ्यातली जुनी स्पोर्ट्स गाडी. तिच्या इंजिनातल्या बोल्टचे आटे मेट्रिक, आणि डोकी व्हिटवर्थच्या मापाची. कारण मॉरिसने इंजिनांचा जो कारखाना विकत घेतला तो मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, आणि यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. दोनशे नगांचा चमकता संच घेऊन या बोल्टपुढे बसलं, की संच आणि माणूस दोघंही निरुपयोगी. शेगडा, म्हणजे बेंच व्हाइस, मात्र पहिल्याच दिवशी घ्या, परवडेल तेवढा जड घ्या आणि कोपराच्या उंचीला बसवा. आणि चार चांगले जॅक स्टँड. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली मी मान सोडा, बोटही घालत नाही.

एक भिंत मात्र रिकामी ठेवा, पत्रा कापायला आणि ग्राइंडर चालवायला. मी हे सगळं गाडीशेजारीच करत होतो. ठिणग्या उडून पुढच्या काचेत रुतल्या. काच पुसली तर वाळू लागल्यासारखी खरखर, आणि ते काळे ठिपके काही केल्या निघत नाहीत. काच दुसरी मिळवायला सात महिने लागले. त्याच भिंतीपासून लांब, दाराजवळ, आग विझवायचा सिलिंडर ठेवा. तो वेल्डिंगच्या टेबलामागे टांगणाऱ्या माणसाने कधी आग बघितलेली नसते. वेल्डिंग करायच्या पत्र्यावर क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मारू नका, तापल्यावर त्यातून फॉस्जीन तयार होतो, तोच जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला. जुन्या ब्रेक ड्रममधली धूळही हवेच्या नळीने उडवू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं, जवळजवळ तासभर. खोली लांबीला सहा फूट वाढव, रुंदीला चार, कपाट काढ, चौकटीची फरशी काढ, कोब्याखाली प्लास्टिक घाल. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी मी विचारलं, छत किती ठेवलंयस?

"नऊ फूट," तो म्हणाला. "लिफ्ट पुढच्या आठवड्यात येतेय."