"फ्रिज म्हणजे विष" वाल्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आलाय, "उन्हाळ्यात फ्रिज म्हणजे विष", खाली पाच मुद्दे आणि शेवटी हात जोडून दहा ग्रुपवर पाठवा. पाठवणाऱ्या काकू चांगल्या आहेत, परवाच त्यांनी दिलेले ताडगोळे खाल्लेत, पण चुकीचं ते चुकीचं.

पहिला मुद्दा, गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं की विष होतं म्हणून पूर्ण गार होईपर्यंत ओट्यावरच राहू द्या. अहो उलटं आहे हे. जानेवारीत इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं तरी फुगायला कुरकुर करतं आणि आत्ता मे मध्ये पाच-सहा तासात पातेल्याबाहेर येतं, मग जी गरमी पिठाला लागते ती शेजारच्या वरणाला सोडणारे का? माझंच झालं ना मागच्या आठवड्यात, रात्री वरण "जरा गार होऊ दे" म्हणून ठेवलं आणि डोळा लागला, सकाळी झाकण काढलं तर वर बारीक फेस आणि डावाला तार. दिलं ओतून. वरण निदान सांगतं तरी, भात बऱ्याचदा सांगतच नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की त्यातून जंतू वाढतात आणि त्यांचं एक विष असं आहे की सकाळी कितीही कडकडीत फोडणीचा भात केलात तरी ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर नको, ते 5 अंशांच्या खाली गेलं पाहिजे. अमेरिकेत तर हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास म्हणतात. आणि गॅस चालू असताना आपलं किचन किती असतं ते मोजूच नका.

मेसेजमध्ये एक कण खरा आहे. भाताचं भरलेलं पातेलं तसंच्या तसं फ्रिजात घातलं तर मधला भात तासन्‌तास कोमटच राहतो आणि शेजारचं दूध पण तापतं. म्हणून परातीत पसरा, पंख्याखाली, वाफ गेली की छोट्या उथळ डब्यात.

दुसरा आणि तिसरा मुद्दा कांद्याचा. कापलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो म्हणून विषारी, आणि तोच कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही. एकाच मेसेजमध्ये! झाकून फ्रिजात ठेवलेला कांदा दुसऱ्या दिवशी चालतो, फक्त दुधाला वास लागतो. खिशातला खिशाला वास लावतो.

चौथा, फ्रिजचं पाणी प्यायलं की नसा फुटतात, फक्त माठाचंच प्या. नसा फुटत नाहीत, फार तर कपाळात कळ जाते. माठ आमच्याकडे पण आहे आणि मला आवडतो, पण माठ गार होतो तो बाहेर झिरपलेलं पाणी उडून जाताना, आणि इथे किनाऱ्यावर हवा इतकी दमट की वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी पण ओलसरच, तिथे माठ बिचारा काय करणार, नागपूरला नणंदेकडच्या माठाने दात शिवशिवतात. घामाचं पण तेच, सुकतच नाही, मग अंग गार कसं होणार? हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात किमान 40 अंश धरतं आणि किनाऱ्यावर 37, ते उगीच नाही.

पाचवा, रोज पन्हं प्यायलं की उष्माघात होतच नाही. पन्हं प्या, कोकम सरबत प्या, ताक प्या, पण ते चिलखत नाही. उलट्या-जुलाब झाले तर पन्हं नको, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. आणि कोणी उन्हाने बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतू नका, सावलीत घ्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि 108 लावा.