शाल पुरे, आता उमेदवारी द्या

आज कारगिल विजय दिनानिमित्त आमच्या लालबागच्या चाळीतल्या हवालदारकाकांचा सत्कार झाला आणि तेव्हापासून माझा संताप आवरत नाही. सुरुंगस्फोटात डावा पाय गमावलेल्या या माणसाला कठडा नसलेल्या पायऱ्यांवरून दंडाला धरून व्यासपीठावर नेले, शाल-श्रीफळ दिले, फोटो काढले. आणि त्यांनी प्रभागातल्या पदपथांविषयी दोन शब्द बोलण्यासाठी माईक मागितला, तेव्हा "काका, वेळ कमी आहे" असे सांगून पुढच्या पाहुण्यांचे नाव पुकारले.

महापालिका निवडणुकीच्या वेळी काकांनी एका पक्षाकडे रीतसर उमेदवारी मागितली होती. प्रचारात फिरणे तुम्हाला झेपणार नाही, असे तिथे त्यांना सांगण्यात आले. आणि आठवड्याभरात त्याच पक्षाची माणसे, पदके लावून आमच्या उमेदवाराशेजारी उघड्या जीपमध्ये बसा, अशी विनंती घेऊन घरी आली. काकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवले. मला ते जमले नसते.

अमेरिकेतल्या माजी लष्करी वैमानिक टॅमी डकवर्थ यांना कोणी झेपणार नाही म्हणाले असेलही, पण त्या थांबल्या नाहीत. 12 नोव्हेंबर 2004 रोजी इराकमध्ये त्यांच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर रॉकेट आदळले, दोन्ही पाय गेले, उजवा हात जेमतेम वाचला. 2006 मध्ये त्या निवडणूक हरल्या, मग इलिनॉय राज्याच्या माजी सैनिक विभागाची सूत्रे त्यांनी सांभाळली, 2012 मध्ये प्रतिनिधिगृहात आणि 2016 मध्ये सिनेटवर निवडून आल्या. विमान कंपन्यांच्या हातून किती व्हीलचेअर मोडतात किंवा गहाळ होतात, याचा हिशेब कंपन्यांनी सरकारला द्यावा, ही तरतूद त्यांनी 2018 च्या कायद्यात करून घेतली. व्हीलचेअर मोडली की माणूस जागचा हलू शकत नाही, हे अनुभवाने ठाऊक असलेली व्यक्तीच असा आग्रह शेवटपर्यंत धरते.

काकांकडे हेच ज्ञान आहे. उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत कृत्रिम पायाचा चवडा नेमका कुठे अडकतो आणि मंडपासाठी खणलेला कोणता खड्डा नुसती माती लोटून बुजवला आहे, हे काठीचे टोक टेकवून पाहत ते रोज चालतात.

जखमी सैनिक हा उत्तम कारभारी असतोच असे नाही आणि गणवेशाच्या नावाने मते मागणे मलाही पटत नाही, हे मान्य. पण 1971 च्या युद्धात सुरुंगाने चिंधड्या झालेला आपला पाय खुकरीने कापणारे इयान कार्डोझो पुढे कृत्रिम पायावर बटालियनचे आणि ब्रिगेडचे नेतृत्व करतात, मेजर जनरल होतात आणि निवृत्तीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्षपद सांभाळतात, तर आमच्या प्रभागाचा कारभार काकांना का झेपू नये?

आज सत्कार करणाऱ्या मुलांवर माझा राग नाही; त्यांनी मनापासून केले, वर्गणी काढून केले. राग उमेदवारी वाटणाऱ्यांवर आहे. पुढच्या निवडणुकीला अवकाश असला तरी प्रभागातल्या प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात काकांच्या नावाचे पत्र आत्ताच द्यायचे मी ठरवले आहे. काकांची संमती घेतली आहे. पत्रावर सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी चाळीत यावे.